मागल्या दाराची वेबसाइट

५ फेब्रुवारी

भाचीने ही वही आणून दिली. "मामा, नवं काही सुरू करताना रोज चार ओळी लिहून ठेवाव्यात. पुढे उपयोगी पडतात." पुढे म्हणजे कधी, ते काही बोलली नाही. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. पण वहीचा कागद गुळगुळीत आहे आणि दुपारी एक ते दोन दुकान बंद असतं, तेव्हा लिहायला हरकत नाही.

नवं म्हणजे आमच्या दुकानाची वेबसाइट निघते आहे. दुकान विगचं. पुढून बघाल तर कंगवे, पिना, रबरबँड आणि काउंटरमागे मी. खरं दुकान आतल्या खोलीत. तिथे मागच्या गल्लीतून यायला एक दार आहे, पाटी नसलेलं. त्या दाराची घंटी वाजली की मी पुढच्या दुकानाचं दार लोटून आत जातो. आत लाकडी डोक्यांची रांग, जाळ्या, केसांचे जुडगे आणि एक खुर्ची. वडिलांनी दोन नियम घालून दिले. गिऱ्हाईक मागल्या दाराने येणार आणि मागल्याच दाराने जाणार. आणि रस्त्यात समोर आलं तर आपण त्याला ओळखायचं नाही, ते हसलं तरी नाही. वडील एकदा खुद्द व्याह्यांना ओळख न देता पुढे निघून गेले होते. आईने दोन दिवस अबोला धरला, पण व्याह्यांनी चिठ्ठी पाठवून आभार मानले.

आमचा माल केस नाहीत, गुपचूपपणा आहे. केस काय, कुठेही मिळतात.

९ फेब्रुवारी

वेबसाइट सुरू झाली. भाची एका सहलीच्या कंपनीत हेच काम करते, त्यामुळे तिने सहलीवाल्यांची पद्धत आम्हाला लावली. साइट उघडली की खालून एक पट्टी वर येते: "आम्ही कुकी वापरतो."

"कुकी म्हणजे काय?" मी विचारलं.

"चिठ्ठी समजा. कुणी आपली साइट उघडली की त्याच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवायची. तो परत आला की साइट ती वाचते आणि ओळखते, हा तोच. काही चिठ्ठ्या लागतातच, नाहीतर फॉर्म भरताना दुसऱ्या पानावर गेलं की पहिलं विसरेल. काही मोजणीच्या असतात, कोण किती वेळा आलं त्याच्या. आणि काही जाहिरातवाल्यांच्या. त्या ठेवल्या, तर तो माणूस बातम्या वाचायला गेला किंवा व्हिडिओ बघायला गेला तरी तिथे त्याला आपली जाहिरात दिसते."

"किती दिवस?"

"महिनाभर ठेवूया."

मला फारच आवडलं. आपण खुर्चीत बसायचं आणि जाहिरातीने गिऱ्हाइकामागे वणवण फिरायचं, यापेक्षा सुख ते काय! भाची म्हणाली, पट्टीवर 'हो'च्या शेजारी 'नको' असं बटण ठेवायला हवं. मी म्हटलं, नकाराला जागा ठेवली की माणसं विनाकारण विचार करत बसतात. तेव्हा आमच्या पट्टीवर एकच बटण आहे: "बरं, ठीक आहे." भाचीने माझ्याकडे जरा बघितलं. पण मामा म्हटलं की भाचीला गप्प बसावं लागतं.

१३ फेब्रुवारी

साइटचा रिपोर्ट बघायचा नाद लागलाय. पूर्वी मी वर्तमानपत्रातलं भविष्य वाचायचो, आता हा वाचतो. दुकानातला कॉम्प्युटर मोजणीतून वगळलेला आहे, नाहीतर सगळे आकडे माझेच आले असते.

यात एक विलक्षण गिऱ्हाईक सापडलं. एकच ब्राउझर, रोज सकाळी अकराच्या सुमाराला येतो. 'बायकांचे विरळ केस' हे पान उघडतो, दहा-बारा मिनिटं बसतो, मग वेळ ठरवायचा फॉर्म उघडतो आणि नाव न लिहिता बंद करतो. रोज! मी तिचं नाव अकराची बाई ठेवलं.

रात्री जेवताना हिला सांगितलं. दुकानातल्या गमती मी हिला सांगतोच, त्याशिवाय घास उतरत नाही. 'विमानतळ', 'अर्धं अंगण', 'साहेब मागून नाही' ही सगळी गिऱ्हाइकं आमच्या जेवणाच्या टेबलावरच बारशाला बसली. बायकोला सांगितलेलं बाहेर सांगितलेलं धरत नाहीत.

"बाईच आहे कशावरून?" हिने विचारलं.

"पुरुष असता तर फॉर्म भरून मोकळा झाला असता. ही रोज उंबऱ्यापर्यंत येते आणि परत फिरते. एवढ्या दिवसांत उरलेसुरले केसही गळून गेले असतील!"

ही पाणी आणायला उठली. जग टेबलावर भरलेलाच होता.

१७ फेब्रुवारी

घरच्या कॉम्प्युटरवर मी बुद्धिबळ खेळतो. पटाच्या शेजारी काल दिवसभर केसांच्या तेलाच्या आणि बायकांच्या विगच्या जाहिराती. एक तर आमच्याच दुकानाची! फोटोतल्या बाईने माझ्याकडे बघून असं काही हसावं की माझा वजीर गेला.

धंदा डोक्यात भिनला की जाहिरातींनाही वास लागतो, दुसरं काय.

हिने हल्ली भांग दुसऱ्या बाजूला पाडायला सुरुवात केलीय. वयाबरोबर हौस वाढते म्हणतात. शिवाय घरातही डोक्याला स्कार्फ बांधते. थंडी आहे म्हणाली. मला तर पंखा लावावा लागतो.

२० फेब्रुवारी



आमचं जुनं गिऱ्हाईक असलेले दातांचे डॉक्टर आज पुढच्या दाराने आले. पाच वर्षांत पहिल्यांदा, भर दुपारी, कंगवे घेणाऱ्या दोन बायकांच्या मधून. मी सवयीने ओळख दिली नाही. त्यांनी काउंटरवर हात आपटला तेव्हा द्यावी लागली. आत नेऊन खुर्चीत बसवलं.

"माझ्या वेटिंग रूममध्ये मोठा पडदा आहे," ते म्हणाले. "लहान मुलांनी दात कसे घासायचे, त्याचा व्हिडिओ लावतो. काल मधेच व्हिडिओ थांबला आणि जाहिरात लागली. 'आपला विग सहा महिन्यांचा झाला का? देखभालीसाठी या!' नऊ पेशंट बसले होते. नऊही जणांनी आधी पडद्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. एका आजींनी तर चष्मा बदलून बघितलं."

"जाहिरातीत तुमचं नाव नव्हतं ना?"

"माझं डोकं होतं ना समोर!"

मी बारीक आवाजात विचारलं, की आमची साइट कुठून उघडली होती. क्लिनिकच्याच कॉम्प्युटरवरून, त्यांनी मागच्या आठवड्यात वेळ ठरवली होती. तोच कॉम्प्युटर पडद्याला जोडलेला.

"तुमचे वडील मला रस्त्यात ओळख द्यायचे नाहीत. आणि तुम्ही माझ्या पेशंटांसमोर माझ्या मागे ओरडत फिरताय. आठ दिवसांत हे थांबलं नाही तर मी ज्या ज्या माणसाला तुमच्याकडे पाठवलं त्या प्रत्येकाला सांगणार, की तिथे जाऊ नका, बोभाटा होतो."

त्यांनी पाठवलेली माणसं सात. ती सात आणखी सातांना सांगतील. मग मागल्या दाराची घंटी गंजून जाईल आणि मी आयुष्यभर कंगवे विकेन. वडिलांनी चाळीस वर्षं तोंड बंद ठेवून जे उभं केलं, ते मी अकरा दिवसांत एका बटणाने घालवलं. एकाच बटणाने, कारण दुसरं ठेवलंच नव्हतं.

२१ फेब्रुवारी

भाची धावत आली. मी तिच्यावर खेकसलो, तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मामा, 'नको'चं बटण कोणी नको म्हटलं होतं?" मी तिला बिस्किटं दिली.

जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्या आमच्या साइटवरून तिने मुळासकट काढून टाकल्या. पण ज्यांच्या ब्राउझरमध्ये आधीच ठेवल्या गेल्या त्या तिथेच आहेत. त्या ज्याच्या त्याने काढायच्या. आणि जाहिरातवाल्या कंपनीकडे जे आधीच नोंदलं गेलं ते तिकडे राहणार ते राहणारच, म्हणे.

डॉक्टरांना फोन लावला. भाची शेजारून सांगत होती, मी फोनवर म्हणत होतो.

"सेटिंग उघडा. उघडलं? आणखी खाली जा. 'प्रायव्हसी' दिसतंय का? आणखी थोडं. आता घट्ट धरून ठेवा."

"काय धरून ठेवू?"

"स्वतःला. 'कुकी आणि साइटचा डेटा' असं आहे त्यावर दाबा."

भाची कुजबुजत होती, की फक्त आपल्या आणि जाहिरातवाल्यांच्या काढायला सांगा. पण मी भरात आलो होतो. "सगळं पुसून टाका!" त्यांनी टाकलं. त्यासरशी ते जगातल्या सगळ्या साइटवरून बाहेर फेकले गेले, त्यात पेशंटांच्या वेळा ठेवायची साइटही आली, आणि तिचा पासवर्ड रजेवर गेलेल्या रिसेप्शनिस्टला ठाऊक. तास गेला. मग त्यांना बाहेरच्यांच्या कुकी कायमच्या बंद ठेवायचं बटण दाखवलं. "यापुढे आमची साइट खाजगी खिडकीत उघडा. खिडकी बंद केली की चिठ्ठ्याही जातात." ते म्हणाले, यापेक्षा दाढ काढणं सोपं. पण आवाज जरा निवळला होता.

भाची निघताना मी तिला घरच्या कॉम्प्युटरचं सांगितलं, की तिथेही बायकांचे विग दिसतात.

"तुम्ही घरी आपली साइट बघता?"

"छे, सगळं दुकानातूनच."

"मग घरच्या मशीनवर..." ती थांबली. "दिवसा तिथे मामीच असते ना?"

"असते. पण ती भाज्यांचे आणि शिवणकामाचे व्हिडिओ बघते. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. आणि मग एकदम गंभीर होऊन, "मामा, 'नको'चं बटण आजच लावूया. 'हो'इतकंच मोठं."

२३ फेब्रुवारी

नवी पट्टी मी स्वतः लिहिली. भाचीने फक्त शुद्धलेखन बघितलं. मजकूर असा:

"आमची साइट चालायला एक-दोन कुकी लागतातच, त्या ठेवतो. तुम्ही किती वेळा येता हे मोजण्याची एक कुकी आहे, ती तुम्ही हो म्हणालात तरच ठेवू. नको म्हणालात तर तुम्ही आलात हे आम्हाला कळणार नाही, आणि कळून घ्यायची हौसही नाही. मत बदललं तर खालच्या कोपऱ्यात दुवा आहे."

दोन बटणं. "हो" आणि "नको". सारखी मोठी, सारख्याच रंगाची. सहलीवाले म्हणे 'नको' फिक्कट रंगात ठेवतात म्हणजे दिसत नाही. चोर लेकाचे.

एक गंमत कळली. कुणी 'नको' म्हटलं, की त्याला परत विचारू नये म्हणून ते लक्षात ठेवावं लागतं. ते लक्षात ठेवायला एक कुकी लागते. म्हणजे "मला लक्षात ठेवू नका" हे लक्षात ठेवायला सुद्धा चिठ्ठी! दुपारभर हसत होतो.

घरच्या कॉम्प्युटरवरचं सगळंही पुसून टाकलं. माझ्या बुद्धिबळातले एकशे बारा विजय गेले. साइटवर कुठेतरी असतील, पण मी कोणत्या नावाने खेळत होतो तेच आठवत नाही. ही तर फारच चिडली. तिने काहीतरी वाचायला उघडून ठेवलं होतं, ते पान गेलं म्हणे. काय वाचत होतीस विचारलं तर म्हणाली, शिवणकाम.

२६ फेब्रुवारी

संध्याकाळी चहा घेताना हिने आपणहून विषय काढला. एकतीस वर्षांत माझ्या धंद्यातलं काही तिने आपणहून विचारल्याचं आठवत नाही. माझी कॉलर ताठ झाली.

"समजा एखादीला असं वाटलं, की आपण साइट बघतो हे कुणाला कळू नये. तर तिने काय करायचं?"

मी बशी बाजूला ठेवून नीट समजावलं. पट्टी वर आली की 'नको' दाबायचं. किंवा खाजगी खिडकी उघडायची. आधीच्या चिठ्ठ्या असतील तर सेटिंगमध्ये जाऊन साइटचं नाव शोधायचं आणि तेवढ्याच पुसायच्या, सगळ्या पुसायची गरज नाही (हे बोलताना मी बुद्धिबळाकडे बघितलं नाही). तिला प्रत्यक्ष करून दाखवलं. ती इतक्या मन लावून बघत होती की मध्ये एकदा म्हणाली, "थांबा, लिहून घेते."

"मग साइटवाल्याला खरंच कळत नाही?"

"अजिबात नाही."

"तुम्हालाही?"

"अगं, मी म्हणजेच साइटवाला!"

किती बरं वाटलं म्हणून सांगू. माणसाने बायकोला आपलं काम समजावून सांगावं, यासारखी गोष्ट नाही. मग मीच अकराच्या बाईचा विषय काढला, की हल्ली ती सतरा मिनिटं बसते. बहुधा पानातल्या फोटोंतले केस मोजत असेल.

ही कप घेऊन आत गेली.

४ मार्च

अकराची बाई गेली.

सहा दिवस झाले, रिपोर्टात अकरा वाजता कोणी नाही. पान तिथेच आहे, फोटो तेच आहेत. भाचीला फोन केला. ती म्हणाली, "तिने नको म्हटलं असेल. तोच तिचा हक्क ना मामा."

"पण ती अजून येते की नाही, तेवढं तरी बघता येईल का? कोणत्या भागातून यायची?"

"मागचे आकडे आहेत. त्यात भाग साधारण कळतो." ती थोडी थांबली. "बघू का?"

मी तोंड उघडलं होतं, हो म्हणायला. मग वडील आठवले, व्याह्यांच्या शेजारून नाकासमोर चालत जाणारे. "नको," मी म्हणालो. भाचीने केवढा तरी मोठा श्वास सोडला. तिला एवढं काय झालं, कळेना.

जेवताना हिला म्हटलं, "मला चुटपुट लागलीय. एक बाई रोज दारापर्यंत यायची. तिला आत यावंसं वाटत होतं, आणि आपल्याकडून काहीतरी असं झालं की ती फिरकेनाशी झाली."

"काय झालं असेल?" हिने विचारलं.

"तेच तर कळत नाही. पट्टीचा मजकूर तर मी चांगला लिहिलाय."

ही माझ्याकडे बघत डोक्यावरचा स्कार्फ सारखा करत होती. मला वाटलं तिला काही बोलायचंय, पण तेवढ्यात मला 'साहेब मागून नाही' यांची नवी गंमत आठवली, ती सांगितली.

९ मार्च

दातांच्या डॉक्टरांचा फोन. जाहिराती बंद झाल्या. त्या नऊ पेशंटांपैकी चष्मा बदलणाऱ्या आजी परत आल्या होत्या. दात काढून झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "तो पत्ता मिळेल का? माझ्यासाठी हवाय." डॉक्टरांनी दिला. मला म्हणाले, "सातांना काही सांगणार नाही. पण ती बटणं तशीच ठेवा."

ठेवणारच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा दुपारी झोप लागली. म्हणजे दुकान आता वाचलं.

१२ मार्च

सकाळी एक फॉर्म आला. मंगळवार, दुपारी साडेचार. नावाच्या जागी फक्त "गिऱ्हाईक". चालतं आमच्याकडे. काय हवं: "पुढच्या भागासाठी आणि माथ्यासाठी, रोज वापरायचा." खाली शेरा लिहायची चौकट असते, बहुतेक जण ती रिकामी सोडतात. तिच्यात लिहिलं होतं:

"माझ्याबद्दल जेवताना बोलायचं नाही, एवढीच अट आहे."

मी आधी तापलो. म्हणजे बोभाटा झालाच! कोणी फोडलं? मी जेवताना गिऱ्हाइकांबद्दल बोलतो हे बाहेर कोणाला ठाऊक? दुकानात मी एकटा. भाची आमच्याकडे जेवायला शेवटची आली त्याला दोन महिने झाले. आमच्या टेबलाला खुर्च्या चार आहेत, पण बसतो आम्ही दोघंच.

आम्ही दोघंच.

हे लिहून दहा मिनिटं झाली. पुढचं दुकान उघडायची वेळ टळून गेलीय, कोणीतरी शटर वाजवून गेलं.

भांग. स्कार्फ. न्हाणीघराची जाळी हल्ली मला साफ करू देत नाही. रस्त्याच्या पलीकडून चालणाऱ्या माणसाचा टोप किती वर्षांचा आहे हे मी सांगू शकतो, आणि रोज दोन हातांच्या अंतरावर बसून जेवणारं माणूस मला दिसलं नाही. 'उरलेसुरलेही गळून गेले असतील,' म्हणालो होतो. हिच्यासमोर, तोंडात घास असताना. लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, नाही सापडला.

१३ मार्च

काल जेवताना मी फक्त हवामानावर बोललो. मग नळाच्या गळतीवर. मग परत हवामानावर.

"तब्येत बरी आहे ना?" हिने विचारलं.

मी आणखी भात वाढून घेतला. तिने फॉर्म भरून वेळ घेतलीय. ती वेळ येण्याआधी विषय काढायचा हक्क तिचा, माझा नाही. पण चार दिवस कसे काढायचे, माहीत नाही.

१७ मार्च

साडेचारला मागल्या दाराची घंटी वाजली. मी तीन वाजल्यापासून आतल्याच खोलीत होतो. लाकडी डोकी दोनदा पुसून झाली होती.

ही दारात उभी. पर्स दोन्ही हातांत घट्ट धरलेली. एकतीस वर्षांत ती या दाराने कधी आली नव्हती.

"या. बसा," मी म्हणालो.

"बसते. आणि ते अहो-जाहो पुरे, मला हसू येईल."

ती खुर्चीत बसली आणि स्कार्फची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. मी मदतीला हात पुढे केला, ती म्हणाली, "मीच." सुटली. माथ्यावर तळहाताएवढी जागा, आणि कपाळाच्या वर दोन्हीकडे थोडी थोडी. मी रोज अशी डोकी बघतो. हे बघून मी टेप शोधायला वळलो.

"डॉक्टरांकडे जाऊन आले," ती म्हणाली. "बाकी सगळं ठणठणीत आहे. केस परत येतील किंवा येणार नाहीत, असं म्हणाले. म्हणजे त्यांनाही माहीत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळं निघाल्यासारखं विचारू नका. डिसेंबरपासून."

मी टेप घेतला. टेप घेतला की मला बोलता येतं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला काय नाव द्याल, तेच डोक्यात यायचं. रोज फॉर्म उघडायचे आणि वाटायचं, आज रात्री जेवताना ऐकावं लागेल. तुमच्याच तोंडून, माझ्याचबद्दल."

"ऐकलंसच की."

"हो. ऐकलंच."

मी माफी मागितली. नीट, टेप खाली ठेवून, दोन वाक्यांत. यापेक्षा जास्त बोललो असतो तर त्यात गंमत शिरली असती, मी स्वतःला ओळखून आहे. समोरच्या आरशात दोघंही दिसत होतो आणि दोघंही भलतीकडे बघत होतो.

मग ती म्हणाली, "आत्ताही सुचलंय ना? नाव?"

"छे."

"खरं सांगा."

सुचलं होतं. गाठ सुटली त्याच क्षणी सुचलं होतं, आणि वाईट म्हणजे चांगलं होतं.

"सांगा."

"नको. अट आहे तुझी."

"अट जेवतानाची आहे. आता मी विचारतेय."

सांगितलं. ती आधी डोळे मोठे करून आरशातून माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली, की टेप दोनदा घसरला आणि माप पुन्हा घ्यावं लागलं. हसता हसता रडली. मीही. मागच्या गल्लीतून कोणी जात असेल तर त्याला वाटलं असेल, आत काय चाललंय कोण जाणे.

"हे नाव माझं," डोळे पुसून ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला कळलं तर बघा."

म्हणून इथे लिहीत नाही.

कपाळापासून मानेपर्यंत, कानापासून कानापर्यंत, घेर, माथ्यावरच्या जागेची लांबी-रुंदी, सगळी मापं घेतली आणि कार्डावर लिहिली. गिऱ्हाइकाचं कार्ड कपाटात जातं, कुलपाच्या आत. तिने हात पुढे केला. मी कार्ड तिच्याकडेच ठेवायला दिलं.